गाडीतला सॅटेलाइट रेडिओ : वर्गणी भरावी की सोडून द्यावी?

अमेरिकेत नवी गाडी घेतली की चावीसोबत सिरियस एक्सएम या सॅटेलाइट रेडिओची काही महिन्यांची मोफत सेवाही बहुधा पदरात पडते, आणि ती मुदत सरत आली की वर्गणी भरण्याची स्मरणपत्रे येऊ लागतात. बहुतेक जण त्या वेळी अंदाजाने हो किंवा नाही म्हणून मोकळे होतात. त्याऐवजी मोफत मुदतीतले पंधरा दिवस परीक्षेसाठी राखून ठेवले, तर हिशेब स्वच्छ मांडता येतो.

आधी या सेवेचे वेगळेपण कशात आहे ते ध्यानात घ्यावे. एक्सएमचे प्रसारण २००१ साली आणि सिरियसचे २००२ साली सुरू झाले, आणि २००८ साली दोन्ही कंपन्या एक झाल्या. उपग्रहाकडून येणारे संकेत गाडीच्या टपावरची अँटेना थेट पकडते, उंच इमारतींच्या शहरांत जमिनीवरचे प्रक्षेपक तिला साथ देतात, आणि या सगळ्यात फोनचा किंवा त्याच्या डेटाचा काहीही संबंध येत नाही. (नव्या गाड्यांतल्या ३६०एल पद्धतीत काही कार्यक्रम इंटरनेटवरूनही येतात, तेवढा अपवाद धरावा.) म्हणूनच आकाश मोकळे असेल तिथे एकच वाहिनी अटलांटिकच्या किनाऱ्यापासून पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत ऐकता येते. सेवा सुरू झाली तेव्हा तिची स्पर्धा पन्नास-साठ मैलांवर खरखरू लागणाऱ्या एफएमशी होती. आज ती खिशातल्या फोनशी आहे. त्यामुळे प्रश्न एवढाच उरतो, की फोन देऊ शकत नाही असे काही आपल्याला गाडीत खरोखर हवे असते का.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी पंधरा दिवस रोज, गाडी उभी केल्यावरच, एक ओळ टिपून ठेवावी : कोणती वाहिनी ऐकली, किती मिनिटे ऐकली, आणि तेच फोनवर मिळाले असते का. शंभराहून अधिक वाहिन्यांचे अप्रूप पहिल्या आठवड्यातच ओसरते आणि आपली बोटे चार-पाच वाहिन्यांपाशीच घुटमळतात, असे बहुधा आढळेल. त्या चार-पाच वाहिन्या केवळ गाण्यांच्या असतील, तर वर्गणीची बाजू लंगडी पडते, कारण ती गाणी आपण आधीच पैसे भरत असलेल्या स्ट्रीमिंग सेवेवर असतातच, आणि आवाजाचा पोतही तिथे सहसा सरस असतो. उपग्रहावरचा आवाज बराच दाबून पाठवलेला असतो आणि बोलण्याच्या वाहिन्यांवर ते विशेष जाणवते. मात्र बेसबॉल किंवा अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यांची थेट कॉमेंटरी आपण नेमाने ऐकत असू, किंवा विविध भारतीसारखे दुसऱ्या कुणी तरी निवडलेले, काहीही न शोधता कानावर पडत राहणारे संगीत आपल्याला हवे असेल, तर पारडे वर्गणीकडे झुकू लागते. या दुसऱ्या सुखाला मी कमी लेखणार नाही. दिवसभर पडद्यावर पर्याय निवडून थकलेल्या माणसाला ते मोलाचे वाटते.

रेंजची परीक्षा कंपन्यांच्या नकाशांवरून होत नाही, ती रस्त्यावरच करावी लागते. सॉल्ट लेक सिटीहून रीनोकडे जाणारा आय-८० महामार्गाचा सुमारे ५२० मैलांचा रस्ता त्यासाठी उत्तम आहे. त्या प्रवासात वेंडोव्हर मागे पडल्यावर माझ्या फोनवरचा कार्यक्रम अडखळू लागला, एल्को आणि विनेमकासारखे गाव जवळ आले की तो पुन्हा धड चाले, आणि मधल्या माळरानात मुका होई. रेडिओवरची बेसबॉलची कॉमेंटरी मात्र कार्लिनजवळच्या बोगद्यातले काही क्षण सोडले, तर सलग चालू राहिली. पण आदल्या रात्री फोनमध्ये उतरवून घेतलेली गाणीदेखील तितकीच सलग वाजली, हेही नोंदवले पाहिजे. म्हणजे रेंज नसलेल्या रस्त्यावरसुद्धा सॅटेलाइट रेडिओचा खरा विजय थेट प्रक्षेपणापुरताच आहे. अशा रस्त्यांवर महिन्याला चार-पाच तासही जात नसतील, तर केवळ रेंजच्या धास्तीने वर्गणी भरू नये, असे माझे मत आहे.

मराठी श्रोत्याच्या बाबतीत फोनची बाजू आणखी भक्कम होते, कारण सॅटेलाइट रेडिओवर मराठीची स्वतंत्र वाहिनी नाही, तर आकाशवाणीच्या अॅपवर मुंबईची अस्मिता वाहिनी कुठूनही ऐकता येते. हिवाळ्यात कॅलिफोर्नियात संध्याकाळी पाचला ऑफिसातून निघालेल्या माणसाच्या गाडीत मुंबईचे सकाळी साडेसहाचे प्रसारण सुरू असते, हा योगायोग मोठा सुखाचा आहे. सेकंदाला १२८ किलोबिटच्या (केबीपीएस) प्रसारणाला तासाला साठ एमबीहूनही कमी डेटा लागतो. रोज एक तास धरला, तरी कामाच्या बावीस दिवसांत तो दीड जीबीच्या आतच राहतो.

यानंतरही वर्गणी हवीशी वाटली, तर जाहिरातीतला आकडा न पाहता बिलाचा एकूण आकडा पाहावा. पूर्ण दर महिन्याला वीस डॉलरच्या आसपास असतो, आणि संगीत असलेल्या योजनांवर पाचव्या हिश्शाहून अधिक 'म्युझिक रॉयल्टी फी' वेगळी लागते. ती फी कंपनीची असते, सरकारी कर नव्हे. दुसऱ्या गाडीतल्या रेडिओचा हिशेब स्वतंत्र करावा लागतो. सवलतीचा दर मात्र पुष्कळदा पाच ते आठ डॉलरपर्यंत खाली येतो, आणि माझ्या मते ही सेवा घ्यायची तर त्याच दराने घ्यावी. सवलतीची मुदत संपली की पूर्ण दर आपोआप लागू होतो, म्हणून मुदत संपण्याच्या दोन आठवडे आधीची आठवण वर्गणी घेतली त्याच दिवशी कॅलेंडरमध्ये लावून ठेवावी. अनेक वर्षांचे पैसे एकदम भरण्याच्या मोहात पडू नये. भारतात वर्ल्डस्पेस या सॅटेलाइट रेडिओची सेवा ३१ डिसेंबर २००९ रोजी बंद झाली, तेव्हा घरोघरी खिडकीत आकाशाकडे तोंड करून ठेवलेल्या चपट्या अँटेना एका रात्रीत निरुपयोगी झाल्या.

सेवा बंद करायची असेल, तर फोन किंवा चॅट करण्यापूर्वी रेडिओ आयडी, म्हणजे त्या रेडिओचा ओळख क्रमांक, हाताशी ठेवावा. बऱ्याच गाड्यांत वाहिनी ० लावली की तो पडद्यावर दिसतो. न्यू यॉर्क राज्याच्या अॅटर्नी जनरलने २०२३ साली याच रद्द करण्याच्या प्रक्रियेवरून कंपनीवर खटला भरला होता, तेव्हा वेळ हाताशी ठेवूनच हे काम काढावे, समोरून आलेला कमी दराचा प्रस्ताव आधी ठरवलेल्या आकड्याशी ताडून पाहावा, आणि रद्द झाल्याची लेखी पोच मिळेपर्यंत संभाषण संपवू नये. गाडी विकताना वर्गणी गाडीबरोबर आपोआप जात नाही, म्हणून चावी देण्याआधीच ती रद्द करावी किंवा नव्या गाडीतल्या रेडिओवर वळवून घ्यावी. वळवल्यानंतर नवी गाडी गॅरेजबाहेर मोकळ्या आकाशाखाली उभी करून रेडिओ काही मिनिटे चालू ठेवावा लागतो, कारण सेवा सुरू करणारा संकेतही उपग्रहाकडूनच येतो.