तुरीचे दाणे घेऊन उत्क्रांती कशी शिकवावी

दहावीच्या विज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा उत्क्रांतीचा. पोरं अजून वर्गात नीट बसलेलीही नसतात आणि आपण फळ्यावर जिराफाची मान लांबवायला घेतो. माकडापासून माणसापर्यंतची ती रांग तर भिंतीवरून काढूनच टाका. आजचं माकड आपला आजा नाही, चुलत घराण्यातलं आहे. त्या चित्रानं जेवढा घोळ घातलाय तेवढा कुठल्या अंधश्रद्धेनंही घातला नसेल.

दुसरा घोळ ‘कृतीतून शिक्षण’वाल्यांचा. उडीद, ज्वारी, हरभरा मातीत मिसळा आणि चिमट्यानं वेचा, असं सांगतात. ही तीन वेगळी पिकं आहेत. उडदानं ज्वारीला हरवलं, एवढंच पोरं घरी घेऊन जातात. नैसर्गिक निवड, म्हणजे कोण टिकतं आणि पिल्लं देतं याची निसर्गातली चाळणी, एकाच जातीतल्या फरकांवर चालते, म्हणून एकच पीक घ्या. आपल्याकडे तूर आहेच. बदनापूरच्या संशोधन केंद्राचे वाण बघा: बीएसएमआर-७३६ लाल, बीडीएन-७११ पांढरी. पीक एक, आकार जवळपास सारखा, फरक रंगाचा. दाणे सालासकट हवेत, डाळ नको.

दोन गोणपाटं अंथरा. एकावर रानातली काळी माती, दुसऱ्यावर गावठाणातली पांढरी. माती चाळून हातानं थापा, नाहीतर दाणे ढेकळांत दडतात. प्रत्येकावर २० लाल, २० पांढरे दाणे पसरा. दर गोणपाटाला चार पोरं पाखरं होतील. प्रत्येकानं पाच दाणे टिपायचे, एका वेळी एक, दोन बोटांनी, आणि दर वेळी पाठ फिरवून पुन्हा वळायचं. मातीवरून हात फिरवायचा नाही, बोटांना दाणे डोळ्यांआधी सापडतात. २० दाणे खाल्ले, २० उरले.

आता अवघड भाग. इथंच मी दोन वर्षं तोंडावर पडलो.

पहिल्या वर्षी दर फेरीनंतर मी पुन्हा २०-२० दाणे टाकत गेलो. चार फेऱ्या झाल्या, आकडे जिथल्या तिथं. उरले कोण, याचा पुढच्या पिढीवर काही परिणामच ठेवला नव्हता मी. नुसता वेचणीचा खेळ झाला. म्हणून उरलेल्या प्रत्येक दाण्याला त्याच्याच रंगाचं एक पिल्लू द्यायचं, लालला लाल, पांढऱ्याला पांढरं. ही मोजणी घाईत उरकू नका. उरलेले दाणे ताटलीत काढा, रंगावर वेगळे करा, प्रत्येकाशेजारी त्याचं पिल्लू मांडा, मगच सगळे मातीवर टाका. माझ्या एका वर्गात काळ्या मातीवर लाल दाणे २० वरून २६, मग ३०, मग ३४ झाले. म्हणजे शेकडा ५०, ६५, ७५, ८५. आलेख गणिताच्या तासाला काढून घ्या.

दुसऱ्या वर्षी आकडे बरोबर आले आणि एका हुशार पोरीनं निष्कर्ष सांगितला: “सर, तूर मातीशी जुळवून घ्यायला लाल झाली.” मी कपाळाला हात लावला. चूक तिची नव्हती. ‘जुळवून घेणे’ हा आपलाच शब्द, अनुकूलन समजावताना आपणच शंभरदा वापरतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की दाण्यानं काहीतरी ठरवून केलं. तेव्हापासून मी एका पांढऱ्या दाण्यावर पेनानं ठिपका देतो. दर फेरीला विचारतो, ठिपकेवाला कुठंय, त्याचा रंग कुठला? तो पांढराच असतो, खाल्ला जाईपर्यंत पांढराच. बदलली ती रास, दाणा नव्हे. हे वाक्य तुम्ही सांगू नका. पोरांच्या तोंडून येईपर्यंत थांबा, मग भले तास संपो.

वेळ उरला तर काळ्या मातीवरच २०-२० पासून नवा डाव मांडा. या वेळी पाखरांनी डोळे मिटून टिपायचं. आकडे कधी इकडे, कधी तिकडे जातात. निवड नसतानाही रास हलते, फक्त तिला दिशा नसते.

मग पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोसच्या डाफ्नी मेजर बेटाची गोष्ट सांगा. तिथं १९७७ मध्ये दुष्काळ पडला. मऊ, बारीक बिया संपल्या. जाड चोचीच्या फिंच पक्ष्यांना मोठ्या, टणक बिया फोडता येत होत्या, ते जास्त संख्येनं टिकले आणि पुढची पिढी सरासरीनं जाड चोचीची निघाली. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या शास्त्रज्ञ जोडप्यानं पक्षी धरून चोची मोजल्या होत्या. दुष्काळ म्हणजे काय हे आपल्या पोरांना समजावावं लागत नाही. घरी आजीला ७२ चं विचारा म्हणावं.

शेवटचा तास कपाशीचा. बीटी कपाशी म्हणजे बोंडअळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारी कपाशी. तिला देशात परवानगी मिळाली २००२ मध्ये, आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीनं त्याच बीटीच्या बोंडांची वाट लावली. पोरांनी डोमकळ्या, म्हणजे आत अळी असलेली न उमललेली फुलं, पाहिलेल्या असतात, एखादी आणायला सांगा आणि वर्गात उकला. पूर्वी बियाण्याच्या पिशवीत १२० ग्रॅमचं बिगर-बीटीचं वेगळं पुडकं यायचं, ते कशासाठी, हे विचारा. निम्मा वर्ग सांगतो, बापानं बांधावर फेकलं. ते बियाणं शेताच्या कडेनं ओळींत पेरायचं होतं. त्या ओळींवर बीटी न सोसणाऱ्या अळ्या जगाव्यात, त्यांचे पतंग बीटी पचवणाऱ्या मोजक्या पतंगांशी जुळावेत आणि टिकाऊ अळ्यांची रास वाढायला वेळ लागावा, यासाठी ते होतं.

परीक्षेला मी एकच वाक्य देतो, पारावर रोज ऐकू येणारं: “अळीला बीटीची सवय झाली.” चूक की बरोबर, कारण लिहा. ‘चूक’ला अर्धा गुण. बाकी साडेचार कारणाला, आणि कारणात ‘सवय’ शब्द पुन्हा दिसला तर वही परत.