नाकाबंदीला निघण्याआधी

रात्री दहाला नाकाबंदी लागणार असेल तर जागा दुपारीच, उजेडात बघून यायची. चोपड्याहून लासूर, सत्रासेन करत उमर्टीकडे जाणारा रस्ता असो, नाहीतर शिरपूरच्या पुढे आग्रा रोडवर पळासनेरची हद्द असो, समोरच्याच्या कमरेला काय खोचलेलं असेल हे आपल्याकडे धरूनच चालावं लागतं. सातपुड्यापलीकडून गावठी पिस्तुलं खाली उतरतात, हे खानदेशातल्या पोलिसाला वेगळं सांगायला नको. म्हणून पोरांनो, आधी मोरी शोधा. सिमेंटचा जाड कठडा असलेली मोरी, रस्त्याकडेची खोल चारी, जुना बुंधेदार निंब, यातलं काही हाताशी असेल तर बॅरिकेड तिथेच लावा. दोनशे मीटर पुढे चहाची टपरी आहे म्हणून जागा बदलू नका. केळीच्या बागेचा भरवसाही धरू नका. केळीत शिरलेला माणूस चार पावलांवरून दिसत नाही, पण खांबात असतं काय, पाणीच. आमचे उस्ताद म्हणायचे, आडोसा वेगळा आणि आड वेगळी. आडोशामागे माणूस दिसत नाही एवढंच, गोळी अडते ती आडीमागे.

आता गाडीचं. गाडी म्हणजे बराचसा आडोसा, आणि आड अगदी थोडी. हे मला बटवर, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या मैदानावर कळलं. भंगारातल्या जीपचं दार उभं करून आम्ही पंचवीस मीटरवरून कार्बाइनने नऊ एमएमचे राउंड मारले होते. पुढून करंगळी जाईल एवढं भोक. दार उलटं केलं तर आतल्या पत्र्याच्या कडा बाहेर वळलेल्या, आणि मागे ठेवलेल्या लाकडी फळीतूनही गोळी आरपार. दाराचा पत्रा एक मिलिमीटरही जाड नसतो. आत काच वरखाली करायची यंत्रणा असते, कुलूप असतं. त्यांच्यावर आदळून एखादी गोळी अडते किंवा वळतेही, पण ती तुमच्यासाठी वळेल असं लिहून कोण देणार? दार उघडून त्याच्यामागे गुडघ्यावर बसायचं हे सिनेमातलं काम. टाकीला गोळी लागली की गाडीचा भडका उडतो, तेही सिनेमातच.

खरी आड मिळते ती इंजिनच्या ओतीव ठोकळ्यामागे आणि चाकामागे, म्हणजे टायरमागे नव्हे तर रिम, डिस्क आणि एक्सल जिथे एका रेषेत येतात तिथे. छत पेलणारे खांब दोन-तीन पदरी पत्र्याचे असतात, त्यामुळे ते दारापेक्षा बरे, पण फार अरुंद. म्हणून थांबवलेल्या गाडीचं इंजिन कुठे आहे हे बघताक्षणी कळायला हवं. बोलेरोचं पुढे असतं. इको किंवा जुन्या ओम्नीचं पुढच्या सीटखाली, छोटा हत्तीचंही सीटखालीच, म्हणजे त्यांचं नाक पोकळ. रिक्षाचं इंजिन मागे. बॅटरीच्या गाडीत तर बॉनेट उघडलं तरी ओतीव इंजिन सापडणार नाही. मोटरसायकल ही आड नाही आणि आडोसाही नाही. आणि लोखंडी बॅरिकेड, ज्यामागे आपण सगळे हौसेने उभे राहतो, ते नुसत्या नळ्या आणि पत्रा. त्याच्यामागे वाळूने भरलेल्या गोण्यांची कमरेएवढी थप्पी लावा. जप्तीची वाळू ठाण्याच्या आवारात पडलेलीच असते, फक्त ती हलवण्याची नोंद स्टेशन डायरीत करून घ्या.

बोलेरो रस्त्याच्या कडेला सरळ लावून ड्रायव्हर आत पेंगतोय, असं चित्र मी नोकरीभर पाहिलं. तसं नको. गाडी तिरकी लावा, नाक येणाऱ्या वाहनाच्या दिशेला, म्हणजे इंजिन आणि पुढचं चाक तुमच्या आणि रस्त्याच्या मधे येईल. स्टिअरिंग पूर्ण वळवून ठेवा, त्याने चाकाची रुंद बाजू पुढे येते. हेडलाइटचा झोत बॅरिकेडपुढे पडू द्या आणि आपण त्या झोतात पाय ठेवू नका. दोन गाड्यांच्या फटीत उभं राहायचं नाही. बॅरिकेड नागमोडी लावा, वेग आपोआप मरतो. रांग कुठे थांबेल तेही आधी बघा. तपासणीच्या जागेमागे, नेमक्या रेषेत एसटी उभी राहत असेल तर आपली प्रत्येक गोळी त्या बसच्या दिशेने जाणार.

आडीला चिकटायचं नाही, हे नव्या पोरांना पटायला वेळ लागतो. गोळी बॉनेटवर किंवा डांबरावर तिरकी लागली की चेंडूसारखी वर उसळत नाही, पृष्ठभागाला जवळजवळ घासत पुढे जाते. बॉनेटवर छाती टेकवलेल्या माणसाचा चेहरा तिच्या वाटेत असतो. जागा असेल तर दोन-तीन हात मागे राहा आणि वरून डोकावण्यापेक्षा बाजूने बघा. पालथं पडायचं तर गाडीखालच्या मोकळ्या फटीसमोर नको, पाय चाकामागे घ्या. पुढची काच तिरकी असते, त्यामुळे बाहेरून आत जाणारी गोळी सहसा खाली झुकते आणि आतून सुटलेली वर जाते. पण गोळीबार सुरू झाल्यावर आत बसून राहण्याची वेळच येऊ देऊ नका. 26 नोव्हेंबर 2008 ला कामा हॉस्पिटलजवळच्या गल्लीत क्वालिसमध्ये करकरे, कामटे, साळसकर आणि मागे शिपाई बसलेले होते. एके-47 पुढे त्या गाडीचा पत्रा कागदच ठरला. त्यातून जिवंत राहिले ते एकटे अरुण जाधव. त्याच रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर स्कोडा बॅरिकेडच्या अलीकडेच थांबली. आतलं दिसू नये म्हणून हेडलाइट फुल आणि काचेवर वायपरचं पाणी चालू. गाडी बॅरिकेडपासून लांबच थांबणं, डोळ्यांवर झोत मारणं, कोरड्या रात्री वायपर फिरणं, यातलं एक जरी दिसलं तरी पुढे चालत जायचं नाही, आडीमागूनच हाक मारायची. तुकाराम ओंबळे यांनी लाठीनिशी जाऊन कसाबच्या रायफलीची नळी धरून ठेवली. त्यांना अशोकचक्र मिळालं. पण तुमच्या यादीत हत्यारी माणूस आधी लिहा, लाठीवाला नंतर.

कोतातून, म्हणजे ठाण्याच्या शस्त्रागारातून हत्यार घेताना राउंड मोजून सही करा आणि मॅगझीनचा स्प्रिंग दाबून बघा. बुलेटप्रूफ जॅकेट उचलून बघा. एकदा रात्रभर मी जॅकेट घालून उभा होतो आणि सकाळी कळलं, आत प्लेटच नव्हत्या. वजन होतं म्हणून आधीच्या कुणीतरी काढून ठेवलेल्या. मे महिन्यात भुसावळकडे पारा 45 च्या घरात जातो, रात्रीही जॅकेटखाली बनियन पिळावं लागतं, हे मान्य. पाणी जास्त घ्या, प्लेट काढू नका. टॉर्च दोन. वायरलेस ठाण्यात बोलतो पण त्या जागेवर बोलतो का, हे दुपारीच तपासायचं. घाटाच्या पायथ्याशी आवाज तुटतो. मांडीला गोळी लागली तर काही मिनिटांत माणूस हातचा जाऊ शकतो, म्हणून रक्त रोखणारा आवळपट्टा खिशात हवा, गाडीच्या डिकीत नको, आणि तो एका हाताने स्वतःच्या पायावर आवळून बघितलेला हवा. ॲम्ब्युलन्सची वाट बघायची की बोलेरोतच घालून न्यायचं, हेही आधी ठरवा. शिरपूरपर्यंत किती वेळ लागतो ते ड्रायव्हरला विचारा, मॅपला नको.

वाहन थांबलं की एकाने बोलायचं, दुसऱ्याने फक्त हात बघायचे. बोलणारा ड्रायव्हरच्या दारासमोर नव्हे, किंचित मागे, मधल्या खांबाशी उभा राहील, म्हणजे ड्रायव्हरला मान वळवावी लागेल. ‘कथा चालना भाऊ?’, म्हणजे कुठे निघालास भाऊ, असं अहिराणीत गोडीनं विचारा, इंजिन बंद करायला सांगा, आतला दिवा लावायला सांगा. दुचाकीवर मागे बसलेल्याला आधी उतरवा. मागे सरायची वाट मनात हवी. तीन पावलं, चौथं पाऊल चाकामागे, हे पहिलं वाहन येण्याआधी दोनदा चालून बघा. हसतील, हसू द्या.

रांगेतल्या लोकांना काय सांगायचं तेही ठरवून ठेवा, कारण आवाज झाला की लोक दार उघडून पळतात आणि मोबाइल काढतात. ‘खाली वाका, उतरू नका’ एवढंच, मोठ्याने. पळायला जागा नसलेल्याने सीटच्या खाली, इंजिनच्या बाजूला अंग चोरावं.

पहाटे पुंगळ्या, म्हणजे झाडलेल्या राउंडच्या रिकाम्या नळ्या, पडलेल्या असतील तर जागेवरच राहू द्या, पंचनामा होईल. नसतील तर राउंड परत मोजा आणि बॅरिकेड कडेला ओढा. निघताना ड्रायव्हरला स्टिअरिंग सरळ करायला सांगा. रात्रभर चाक वळवलेलं असतं, आणि झोपेत पहिला गिअर टाकला की बोलेरो चारीत जाते. आमची गेली होती.