चवदार तळ्याच्या तासानंतर

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. आठवीचा वर्ग, ‘समतेचा लढा’ हा पाठ. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांनाही खुले असावेत असा बोले ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली मंजूर झाला, महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचं जाहीर केलं आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे सत्याग्रह केला. हे सगळं मी सनावळीसकट फळ्यावर लिहिलं. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. “बाई, तळं आधीच खुलं झालं होतं ना? मग सत्याग्रह कशाला करावा लागला?”

“लोक ऐकत नव्हते,” एवढं बोलून मी पुढचा मुद्दा घेतला. उत्तर चूक नव्हतं, पण त्या मुलीने इतिहासाच्या तासाला नागरिकशास्त्रातला सगळ्यात मोठा प्रश्न विचारला होता आणि तो मला ओळखताही आला नव्हता. माझ्याकडे बी.एड. होतं, विषयातली पदवी होती. तरी कागदावरचा ठराव आणि पाणवठ्यावरचं वास्तव यांच्यामधलं अंतर मुलांना कसं दाखवायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. या विषयाकडे नव्याने येणाऱ्या शिक्षकांसाठी लिहायला मी तिथूनच सुरुवात करते, कारण माझं खरं शिक्षण त्या दिवशी सुरू झालं.

मी वाचत गेले. सत्याग्रहानंतर त्याच नगरपालिकेने १९२७ च्या ऑगस्टमध्ये आपला ठराव मागे घेतला होता. प्रकरण कोर्टात गेलं आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. पुढे राज्यघटनेचा अनुच्छेद १५ काढून बघितला. भेदभावाला मनाई करताना तिथे विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते अशी नावं घेऊन यादी दिली आहे. पुढच्या वर्षी तोच पाठ आला तेव्हा मी चार तारखा आणि अनुच्छेद १५ एवढंच एका कागदावर लिहून गटागटात वाटलं आणि विचारलं, “देशाच्या घटनेत ‘तलाव’ हा शब्द का लिहावा लागला असेल?” वर्ग बराच वेळ शांत होता. मग एक मुलगा म्हणाला, “लिहिला नसता तर परत कुणीतरी ठराव मागे घेतला असता.”

त्या तासाला मी दहा मिनिटंसुद्धा बोलले नसेन.

म्हणून पहिला सल्ला हाच, की इतिहास आणि नागरिकशास्त्र हे दोन विषय समजू नका. वेळापत्रकात आणि प्रश्नपत्रिकेत ते वेगळे असतात, पण मुलांच्या डोक्यात ते एकत्र आले तरच टिकतात. प्रौढ मताधिकार शिकवताना मतदानाचं वय २१ वरून १८ कसं झालं, त्यासाठी १९८८ मध्ये ६१ वी घटनादुरुस्ती का करावी लागली, हे सांगा. मुलं लगेच आपापल्या वयाचा हिशेब करायला लागतात.

दुसरं म्हणजे मूळ साधनं वाचायची सवय. पाठ्यपुस्तक चांगलंच असतं, पण शिक्षकाचं वाचन पाठ्यपुस्तकापाशी थांबलं तर वर्गात काही नवीन घडत नाही. संविधान सभेतल्या चर्चा बारा खंडांत छापलेल्या आहेत आणि इंटरनेटवर मोफत वाचता येतात. सगळ्या वाचायला जाऊ नका, दमून सोडून द्याल. २५ नोव्हेंबर १९४९ चं बाबासाहेबांचं भाषण आधी वाचा. राजकारणात समता आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण प्रवेश करणार आहोत, हा इशारा त्यात आहे. नागरिकशास्त्राच्या निम्म्या पाठांना ते भाषण पुरतं. जिल्ह्याचं गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, जवळ ठेवा. जमलं तर जुन्या कागदांची मोडी लिपीही शिका. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून या साधनांचं काम करत आलं आहे, तिथे मोडीचे वर्गही होतात. मोडी आली नाही म्हणून शिकवणं अडत नाही, पण जुन्या पत्राची एक ओळ स्वतः लावून वाचली की ‘पुरावा’ हा शब्द आपण वेगळ्या जबाबदारीने उच्चारायला लागतो.

ही जबाबदारी आज फार लागते. मुलं मोबाइलवर आलेला मजकूर घेऊन येतात आणि ‘हे खरं का?’ म्हणून विचारतात. अशा वेळी खरं-खोटं ठरवून मोकळं होऊ नये. मी बखरींचं उदाहरण देते. कृष्णाजी अनंत सभासद शिवाजी महाराजांच्या पदरी होता आणि त्याने महाराजांच्या निधनानंतर साधारण सतरा वर्षांनी लिहिलं. चिटणिसांची बखर शतकाहून अधिक काळाने आली. “दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर आधी काय विचाराल?” मुलं स्वतःच सांगतात: कुणी लिहिलं, कधी, कुणासाठी? मग हेच तीन प्रश्न मोबाइलवरच्या मजकुराला लावायचे. एखाद्या समाजाबद्दल कडवट बोललं गेलं तर त्या मुलाला वर्गासमोर गप्प करू नका, त्यालाही हेच तीन प्रश्न विचारा.

प्रशिक्षणांबद्दल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे. ‘दीक्षा’ या सरकारी ऑनलाइन मंचावरचे कोर्स आहेत, ‘निष्ठा’ हा शिक्षक-प्रशिक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, आसपासच्या शाळांच्या गटाच्या म्हणजे केंद्राच्या शिक्षण परिषदा आहेत, बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणीचं प्रशिक्षण येतं. व्हिडिओ चालू ठेवून फक्त प्रमाणपत्र काढू नका. मीही एकदा तसं केलं आहे, त्यातलं काही आठवत नाही. प्रत्येक प्रशिक्षणातून येत्या आठवड्यात वर्गात वापरता येईल अशी एक गोष्ट तरी उचला. शिक्षण परिषदेत संधी मिळाली की भाषणाऐवजी कुणाला तरी प्रत्यक्ष पाठ घेऊन दाखवायला सांगा. मी सर्वांत जास्त शिकले ते शेजारच्या शाळेतल्या एका इतिहासाच्या सरांच्या तासाला मागे बसून. त्यांनी माझाही तास पाहिला आणि म्हणाले, “तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तरही तुम्हीच देता.” वाईट वाटलं, पण त्या आठवड्यापासून प्रश्न विचारल्यावर मी मनात दहा आकडे मोजते.

एका शाळेत मला सांगितलं गेलं होतं, ‘इतिहास काय, कुणीही शिकवतं’, आणि माझे तास ज्यांचे तास कमी भरत होते त्यांना वाटून दिले गेले. हे तुमच्याही वाट्याला येईल. वाद घालण्यापेक्षा मुलांच्या वह्या दाखवा. माझे तास पुढच्या वर्षी वह्यांमुळेच परत मिळाले.

सहावीला स्थानिक शासन संस्था असतात. त्या वेळी मुलांना ग्रामसभेला घेऊन जा. १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर अशा तारखांना ती बहुधा असते. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांना आधी भेटा, पालकांची लेखी संमती घ्या, मुलांना फक्त बघायला आणि टिपून घ्यायला सांगा. किती जण आले, त्यात बाया किती, कोण बोललं, कोणता ठराव झाला. परत आल्यावर पाठ शिकवावा लागत नाही.

मी एक वहीही ठेवते. तास झाला की मुलांनी विचारलेला आणि मला उत्तर न आलेला प्रश्न तिच्यात लिहायचा, त्यावर वाचायचं, पुढच्या वर्षी तो पाठात घालायचा. चवदार तळ्याचा प्रश्न पहिल्या पानावर आहे. या वर्षीचा शेवटचा प्रश्न ग्रामसभेहून आलेल्या एका मुलाचा आहे: “मत अठरा वर्षांच्या पुढच्यांनाच आहे, मग आमच्या शाळेच्या नळाचं कोण बोलणार?” वर्गाने मिळून अर्ज लिहिला आहे, पुढच्या ग्रामसभेत तो वाचला जावा म्हणून आम्ही तारखेची वाट बघतो आहोत.