एनबीएलमध्ये बॅकअप गार्ड म्हणून टिकायचं कसं

ऑस्ट्रेलियातल्या एनबीएलमध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या बास्केटबॉल लीगमध्ये, गार्ड (बॉल वर आणून खेळ चालवणारा) म्हणून करिअर करायचंय ना, मग आधी जागा किती ते मोजा. लीगमध्ये टीम 10, त्यातली एक न्यूझीलंडची. स्टार्टरच्या (सुरुवातीपासून खेळणाऱ्याच्या) मागे प्रत्येक टीमकडे दोन, फार तर तीन गार्ड. झाल्या वीस-पंचवीस नोकऱ्या, संपलं. त्यात प्रत्येक टीमला तीन इम्पोर्ट, म्हणजे परदेशी खेळाडू, घेता येतात आणि त्यातला एक तरी बहुतेक वेळा बॉल हातात ठेवून स्कोर करणारा अमेरिकन गार्डच असतो. ब्राइस कॉटन बघा, 2017 च्या जानेवारीत पर्थ वाइल्डकॅट्सकडे आला आणि पाच वेळा एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) झाला, आता अशा माणसाच्या मागे बसलेल्या लोकल गार्डने "मला जास्त मिनिटं द्या" म्हणून भांडायचं कुणाशी?

त्यामुळे डोक्यात पहिल्यापासून पक्कं करा की ही नोकरी पॉइंट्सची नाही, भरवशाची आहे. स्टार बाहेर बसलेला असताना स्कोरचा फरक होता तेवढाच राहिला तर तुमचं काम झालं. क्रिकेटमधला बारावा गडी वेगळा, त्याला बॅटिंग मिळत नाही, इथे जवळजवळ प्रत्येक मॅचमध्ये उतरायचंय, फक्त कधी आणि किती वेळ ते तुमच्या हातात नाही.

आत शिरायचं कसं

नेहमीचा रस्ता म्हणजे स्टेटच्या ज्युनियर टीम, तिथून जमलं तर कॅनबेराचं सेंटर ऑफ एक्सलन्स (तरुण खेळाडूंची राष्ट्रीय अकादमी) आणि मग अमेरिकेतलं कॉलेज. पॅटी मिल्स आणि मॅथ्यू डेलाव्हेडोव्हा दोघंही कॅलिफोर्नियाच्या सेंट मेरीज कॉलेजात खेळले. डेलाव्हेडोव्हा व्हिक्टोरियातल्या मेरीबरोचा, 2013 च्या ड्राफ्टमध्ये (अमेरिकेतल्या एनबीए लीगच्या टीम नवे खेळाडू निवडतात तो) कुणी घेतला नाही, तरी 2016 ला क्लीव्हलँडकडून एनबीए चॅम्पियन झाला. मिल्सही सॅन अँटोनियोच्या 2014 च्या चॅम्पियन टीममध्ये बेंचवरूनच यायचा. म्हणजे ऑस्ट्रेलियाचे जे दोन गार्ड सगळ्यांना माहितीयेत ते जगातल्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये बॅकअप म्हणूनच गाजले, तेव्हा बॅकअप शब्दाला लाजायचं काही कारण नाही.

कॉलेजचं जमलं नाही तर एनबीएल 1. ही 2019 मध्ये सुरू झालेली सेमी-प्रो लीग, आता साऊथ, नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, सेंट्रल अशा पाच कॉन्फरन्समध्ये चालते. इथे चांगलं खेळलात की एखादी एनबीएल टीम डेव्हलपमेंट प्लेअर म्हणून बोलावते, म्हणजे सराव सगळा करायचा आणि मॅचमध्ये कुणी जखमी झालं तर नंबर लागणार. पैसे कमी, घाम तेवढाच. तरी घ्या, कारण कोचला तुम्ही रोज समोर दिसता, आणि वर्षभर रोज समोर दिसणाऱ्याला घेणं हे व्हिडिओ बघून घेण्यापेक्षा त्यालाही सोपं पडतं. लीगच्या नेक्स्ट स्टार्स योजनेच्या नादी मात्र लागू नका. लामेलो बॉल 2019-20 ला इलावारा हॉक्सकडे आला, पुढच्या सीझनला जॉश गिडी ॲडलेडकडून खेळला, पण ती योजना एनबीए ड्राफ्टच्या उंबरठ्यावरच्या पोरांसाठी आहे, आपल्यासारख्यांची लाईन वेगळी.

मॅचमधलं खरं काम

2009-10 पासून एनबीएलची मॅच 40 मिनिटांची आहे, आधी 48 ची असायची. ही आठ मिनिटं गेली ना, ती स्टार्टरची नाही गेली, माझ्या मते बहुतेक बेंचचीच गेली. स्टार्टर गार्ड तीसेक मिनिटं खेळला तर मागे उरतात दहा, त्यात दुसरा कुणी वाटेकरी असला की सहा. सहा मिनिटांत सेट व्हायला वेळ नसतो, म्हणून सेट होऊनच उतरायचं.

बेंचवर बसून टीव्ही बघितल्यासारखी मॅच बघू नका. तीन गोष्टींवर नजर ठेवा. टीम फाउल किती झाले, कारण क्वार्टरमधल्या पाचव्या फाउलपासून समोरच्याला दोन फ्री थ्रो मिळतात आणि उतरल्या उतरल्या उत्साहात फुकटचा फाउल केलात तर कोच पुन्हा बसवेल. आपल्या स्टार्टरचे फाउल किती, कारण पाचला तो बाहेर, आणि पहिल्याच क्वार्टरमध्ये दोन झाले की तुमची हाक ठरल्यापेक्षा आधी येते, तेव्हा दुसरा फाउल वाजला की वॉर्मअप टॉप काढायला लागा, वाट बघू नका. आणि समोरचे पिक अँड रोल (आपला एक जण डिफेंडरची वाट अडवतो आणि मग बास्केटकडे पळतो ती चाल) कसा अडवतायत, त्यांचा सेंटर, म्हणजे उंच माणूस, वर येतोय का मागे थांबतोय. एवढं कळलं तर पहिला पास कुठे टाकायचा ते उतरायच्या आधीच ठरतं.

उतरल्यावर पहिली दोन पझेशन (बॉल आपल्याकडे असतानाच्या पाळ्या) अगदी कंटाळवाणी खेळा. बॉल नियमातल्या आठ सेकंदांच्या आत पलीकडच्या अर्ध्यात न्या, ठरलेला सेट (आधी ठरवलेली चाल) चालवा, शॉट एकदम मोकळा असेल तरच मारा. तरणे गार्ड इथेच चुकतात, पाच मिनिटंच मिळणार म्हणून पहिल्याच मिनिटात तीन शॉट टाकतात आणि पाच मिनिटांची दोन करून घेतात. डिफेन्स मात्र पहिल्या सेकंदापासून फुल कोर्ट, दमलात तरी चालेल, दमायलाच पाठवलंय. समोरच्या गार्डला बॉल वर आणायलाच आठ सेकंदांतले सात लागले तर 24 सेकंदांच्या शॉट क्लॉकमध्ये (तेवढ्यात शॉट मारावाच लागतो) त्यांच्याकडे सेट चालवायला उरतात 17, आणि हे स्टॅट शीटवर कुठेच दिसत नाही पण व्हिडिओ सेशनला कोच बरोब्बर दाखवतो. पर्थच्या डेमियन मार्टिनने डिफेन्सच्या जोरावर सहा वेळा बेस्ट डिफेन्सिव्ह प्लेअर घेतलं, आता त्या ट्रॉफीला त्याचंच नाव आहे. आणि कॉर्नरचा थ्री, म्हणजे कोपऱ्यातून तीन पॉइंटचा शॉट, पक्का करा, स्टारवर डबल टीम (दोन डिफेंडर) आली की बॉल तिथेच येतो. तो नाही बसला तर समोरचे तुम्हाला मोकळं सोडून स्टारवरच दोन माणसं लावतात, मग तुमच्यामुळे त्याचाही खेळ बिघडतो.

वर्ष कसं लावायचं

1998 मध्ये एनबीएल हिवाळ्यातून उन्हाळ्यात आली (तिथला उन्हाळा, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीच्या आसपास), त्याचा फायदा बॅकअपला झाला. एप्रिल ते ऑगस्ट एनबीएल 1 किंवा न्यूझीलंडच्या लीगमध्ये खेळता येतं, आणि तिथे तुम्ही सहा मिनिटांचे नाही, पस्तीस मिनिटांचे. शेवटच्या दोन मिनिटांत बॉल तुमच्याच हातात. हे नुसतं पैशासाठी करू नका, एनबीएलमध्ये जे करायला मिळत नाही ते तिथे मुद्दाम करा, डावा हात, फ्लोटर (उंच डिफेंडरच्या डोक्यावरून अलगद टाकलेला शॉट), जे काय असेल ते. नेथन सोबी 2014-15 ला केर्न्सच्या बेंचवर होता, 2016-17 ला ॲडलेडकडून मोस्ट इम्प्रूव्ह्ड झाला, पुढे टोकियो ऑलिंपिकमध्ये ब्राँझ जिंकलेल्या ऑस्ट्रेलियाच्या टीममध्ये होता. असं सगळ्यांचं होत नाही हे खरं, पण रस्ता बंद नाहीये.

प्रवासाचं एक, सीझनमध्ये डेलाइट सेव्हिंगमुळे पर्थ आणि मेलबर्नच्या घड्याळात तीन तासांचा फरक पडतो आणि फ्लाइट चार तासांची, त्यामुळे तिकडे मॅच असेल तर झोपेची वेळ आदल्या दिवसापासून सरकवायला लागा.

कॉन्ट्रॅक्ट

बॅकअपचे कॉन्ट्रॅक्ट बहुतेक एका वर्षाचे, फार तर एक अधिक एक. त्या दुसऱ्या वर्षाचा ऑप्शन टीमचा आहे का तुमचा हे आकड्याच्या आधी विचारा, कारण टीमचा असेल तर ते दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट नाहीच, एक वर्ष आणि एक आशा. मग विचारा सुपर (टीमने भरायचा निवृत्तीचा फंड) पॅकेजमध्येच धरलाय का वर वेगळा, जुलै 2025 पासून तो 12 टक्के आहे, छोटी रक्कम नाही. घरभाडं आणि गाडी कुणाकडे, हिवाळ्यात दुसरीकडे खेळायची परवानगी आहे का, तिथे दुखापत झाली तर उपचार कोण बघणार, सगळं लिहून घ्या, तोंडी "बघू रे" वर सही करू नका. कळत नसेल तर प्लेअर्स असोसिएशनला फोन करा, त्यासाठीच आहे ती.

आणि टीमवर फार जीव लावू नका. 2008 ला सिडनी किंग्ज आणि ब्रिस्बेन बुलेट्स दोन्ही लीगमधून गेल्या (नंतर परत आल्या), 2012 ला गोल्ड कोस्ट ब्लेझ बंद, 2016 ला टाउन्सव्हिल क्रोकोडाइल्स. हल्ली लीग बरीच भक्कम झालीये, 2021-22 ला आलेली टास्मानिया जॅकजंपर्स तिसऱ्याच सीझनला चॅम्पियन झाली, तरी तीन-चार शहरं बदलायची तयारी ठेवाच. लग्न झालं असेल तर हे घरी आधी बोला, ट्रेनिंग कॅम्पच्या आदल्या रात्री नको.

सीझन संपल्यावर कोचबरोबर एक्झिट मीटिंग होते. तिथे "मी कसा खेळलो" विचारलंत तर गोड उत्तर मिळेल आणि हातात काही येणार नाही. त्याऐवजी विचारा, पुढच्या वर्षी माझ्या जागेसाठी अजून कुणाला बघताय आणि त्याच्याकडे माझ्यापेक्षा काय आहे. जे उत्तर येईल ती तुमची एनबीएल 1 ची प्रॅक्टिस लिस्ट.

शिक्षणाचं तिशीनंतर बघू असं सगळेच म्हणतात. युनिव्हर्सिटीचा कोर्स ऑनलाइन पार्ट टाइम लावून ठेवा, सेमिस्टरला एकच विषय घेतला तरी चालेल, नाहीतरी पर्थला जाता-येता आठ तास विमानात जातातच.