दक्षिण इंग्लंडची लांब ट्रिप ठरवताय? मग या चुका टाळा

दरवर्षी मार्च उजाडला की नाशिक नाहीतर साताऱ्याहून कुणीतरी आम्हाला व्हॉट्सॲपवर एक एक्सेल शीट पाठवतं, "बघ रे जरा, जमतंय का." मी नऊ वर्षं लंडनजवळच्या रेडिंगला राहतोय, त्यामुळे पाहुण्यांचं टाइमटेबल तपासायचं काम आपोआप माझ्याकडे आलंय आणि मला ते मनापासून आवडतं, कारण लोक वर्षानुवर्षं पैसे साठवून, रजा जमवून, आई-वडिलांना घेऊन येतात, त्यांची ट्रिप छानच व्हायला पाहिजे. पण शीट उघडली की बहुतेक वेळा तेच दिसतं. चौदा दिवस, अकरा शहरं आणि प्रत्येक ओळीत लंडन.

रोज लंडनहून निघायचं आणि रोज लंडनला परत यायचं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. सोमवारी बाथ, मंगळवारी सॉल्सबरी, बुधवारी ब्रायटन, आणि रात्री झोपायला लंडन. नकाशावर सगळं वीतभर अंतरावर दिसतं आणि सुटं सुटं बघितलं तर ते खरंही आहे, पॅडिंग्टनहून बाथ दीड तासाच्या आत येतं. पण हॉटेलवरून पॅडिंग्टनला जायला पाऊण तास, गाडीच्या आधी पोचायचं म्हणून अजून थोडा वेळ, संध्याकाळी पुन्हा तेच, म्हणजे चार-साडेचार तास नुसते जाण्यायेण्यात जातात आणि तेही सलग आठ दिवस. साठीच्या पुढची माणसं बरोबर असली की तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणतंच, तुम्ही जाऊन या, मी खोलीवरच थांबते.

शिवाय लंडनला एकच मोठं स्टेशन नाहीये. बाथ-ब्रिस्टल-एक्सेटरला पॅडिंग्टन, सॉल्सबरी-साउथॅम्प्टन-पोर्ट्समथला वॉटर्लू, ब्रायटनला व्हिक्टोरिया किंवा लंडन ब्रिज, कँटरबरीच्या वेगवान गाडीला सेंट पँक्रस. चुकीच्या स्टेशनवर गेलात तर सीएसएमटीची गाडी पकडायची असताना मुंबई सेंट्रलला उभं राहिल्यासारखं होतं.

त्यापेक्षा प्रदक्षिणा घाला. दक्षिण इंग्लंडमध्ये लंडनला न शिवणाऱ्या आडव्या गाड्या आहेत आणि त्या आपल्या लोकांच्या शीटमध्ये कधीच नसतात. कार्डिफहून पोर्ट्समथला जाणारी गाडी ब्रिस्टल, बाथ, सॉल्सबरी, साउथॅम्प्टन अशी सगळी गावं एका माळेत घेते. बाथ ते सॉल्सबरी तासाभराचं, तिथून साउथॅम्प्टन अर्ध्या तासावर, पुढे किनाऱ्याकिनाऱ्याने ब्रायटनला साधारण पावणेदोन तास. ब्रायटनहून लंडन पुन्हा तासभर. हीथ्रोला उतरल्यावरसुद्धा लंडनमध्ये शिरायची गरज नाही, विमानतळावरून रेडिंग स्टेशनला थेट बस आहे आणि रेडिंगहून बाथची गाडी मिळते. लंडन शेवटी ठेवा, म्हणजे खरेदीच्या पिशव्या गावोगाव वाहाव्या लागत नाहीत.

शहरं मोजायची, बॅगा मोजायच्या नाहीत

माझं एकच सांगणं असतं, किती शहरं झाली ते मोजू नका, बॅग किती वेळा भरायची ते मोजा. मुक्काम हलवायचा दिवस हा अर्धा दिवस गेलाच समजा. बऱ्याच ठिकाणी दहा-अकराला खोली सोडायची आणि पुढची तीनला मिळते, मधल्या वेळात चार मोठ्या बॅगा घेऊन जाणार कुठे? आपल्याकडे कुठल्याही मोठ्या स्टेशनवर क्लोकरूम असते तशी इथे बहुतेक स्टेशनांवर नसते. हॉटेलला आधी मेल टाकून विचारा, बरेच जण बॅगा ठेवून घेतात. लिफ्ट आहे का तेही त्याच मेलमध्ये विचारा, बाथ आणि ब्रायटनमधली बरीच हॉटेलं जुन्या घरांत आहेत, तीन मजले चढायचे आणि जिना अरुंद.

चौदा रात्री असतील तर मी बाथ ४, सॉल्सबरी २, ब्रायटन ४, लंडन ४ असं सुचवतो. चार मुक्काम, बस. बाथहून ब्रिस्टल पंधरा मिनिटांवर आहे. ब्रायटनहून सेव्हन सिस्टर्सचे पांढरे कडे बसने होतात. ऑक्सफर्ड आणि कँटरबरी मात्र लंडनच्या चार दिवसांतूनच करा, दोन्ही तासाभरावर आहेत, त्यासाठी मुक्काम हलवायला नको. आणि बाथचा मुक्काम शनिवार टाळून घ्या, वीकेंडला भाडी चढतात आणि काही ठिकाणी दोन रात्रींची अट असते.

"तिकडे गेलोच आहोत तर कॉर्नवॉलही करू"

नका करू. म्हणजे जरूर करा, पण एका रात्रीत नको. पॅडिंग्टनहून कॉर्नवॉलच्या टोकाला पेन्झन्सला जायला पाच तासांच्या वर लागतात. तिथे जाऊन लँड्स एंडला फोटो काढून दुसऱ्या दिवशी परत, हे बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण कॉर्नवॉल निवांत बघायची जागा आहे. सेंट मायकल्स माउंटच्या बेटावर ओहोटी असेल तरच दगडी वाटेने चालत जाता येतं, म्हणजे तुमचं घड्याळ नाही, समुद्राचं घड्याळ बघावं लागतं. चार रात्री काढू शकत असाल तर जा. रात्रीच्या स्लीपर गाडीने जायचा विचार असेल तर ती शनिवारी रात्री सुटत नाही हे लक्षात ठेवा, आणि जुलैअखेर ते सप्टेंबर सुरू होईपर्यंत शाळांना सुट्टी असल्यामुळे तिकडे पाय ठेवायला जागा नसते.

व्हिसाच्या आधीच सगळी तिकिटं काढून टाकायची

व्हिजिटर व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या ३ महिन्यांच्या आत आल्यावरच करता येतो, आणि स्वस्त ॲडव्हान्स तिकिटं साधारण १२ आठवडे आधी सुटतात, म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच वेळी समोर येतात आणि लोक घाईघाईत परत न मिळणारी तिकिटं काढून बसतात. आधी व्हिसाचा अर्ज टाका, तोवर हॉटेलं रद्द करता येणारीच घ्या, व्हिसा हातात आला की तिकिटं. चार-सहा आठवडे आधीसुद्धा बरे भाव मिळतात.

ॲडव्हान्स तिकीट म्हणजे तीच गाडी, तीच वेळ, चुकली की संपलं. ऑफ-पीक तिकीट महाग असतं पण गर्दीची वेळ सोडून दिवसभरात कुठलीही गाडी चालते. बाथसारख्या लांबच्या टप्प्याला ॲडव्हान्स घ्या, तासाभराच्या जवळच्या टप्प्याला मोकळं तिकीट ठेवा, मुलं आणि आजी-आजोबा घेऊन ९:१७ ची गाडी पकडायच्या टेन्शनमध्ये नाश्तासुद्धा गोड लागत नाही.

रेलकार्ड विसरू नका, ते पर्यटकांनाही मिळतं. नवरा-बायको दोघं फिरणार असाल तर टू टुगेदर, मुलं बरोबर असतील तर फॅमिली अँड फ्रेंड्स, साठीच्या पुढच्यांना सीनियर, एक तृतीयांश सूट मिळते. टू टुगेदर सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी चालत नाही, आणि दोघांनी बरोबरच प्रवास करायचा.

अजून एक. लंडनमध्ये दोन दिवस कार्ड टॅप करून फिरलं की वाटतं सगळीकडे असंच असेल. बाथ, सॉल्सबरीला तसं टॅप करून जाता येत नाही, तिकीट काढूनच बसा.

नावं सारखी, गावं वेगळी

गिलिंगहॅम डॉर्सेटमध्ये आहे आणि जिलिंगहॅम केंटमध्ये, स्पेलिंग तंतोतंत एकच. ॲशफर्ड केंटमध्येही आहे आणि लंडनच्या पश्चिमेलाही. ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन हे बाथशेजारचं गोड गाव, नुसतं ब्रॅडफर्ड टाकलंत तर उत्तर इंग्लंडमधलं हॉटेल बुक होईल. ब्रिस्टलला उतरायचं ते टेंपल मीड्सला, पार्कवे गावाबाहेर आहे. कँटरबरीला ईस्ट आणि वेस्ट अशी दोन स्टेशनं. हॉटेल बुक करताना गावाच्या नावापेक्षा पोस्टकोड बघा.

गाडी मध्येच तुटते तेव्हा

हे कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. इथल्या काही गाड्या वाटेत दोन भागांत विभागतात, पुढचे डबे पुढे जातात आणि मागचे तिथेच राहतात. माझे मामा-मामी वॉटर्लूहून एक्सेटरला निघाले होते, मागच्या डब्यात मस्त खिडकी मिळाली म्हणून बसले. सॉल्सबरी आलं, आजूबाजूची माणसं भराभरा उतरली, डबा रिकामा झाला, मामीला वाटलं बरं झालं गर्दी गेली आणि तिने दशम्यांचा डबा उघडला. स्टीलच्या डब्याचं झाकण मांडीवर, त्यावर लसणाची चटणी, आणि खिडकीतून त्यांना दिसलं की समोरच्या रुळावरून आपलीच गाडी चाललीये. पुढची गाडी तासाभराने होती. घोषणा झाली होती, पण ती इंग्रज उच्चारात आणि घाईत झाली, त्यांना काहीच कळलं नाही.

म्हणून फलाटावरच्या बोर्डवर डब्यांबद्दल काही लिहिलंय का ते वाचा, डब्यातल्या स्क्रीनवर तुमच्या स्टेशनचं नाव येतंय का बघा, आणि शंका आली तर शेजारच्याला सरळ विचारा, लोक आनंदाने सांगतात. फलाट नंबर बऱ्याचदा अगदी शेवटच्या दहा मिनिटांत लागतो, त्याने घाबरून जाऊ नका.

गाडीच रद्द झाली तर? पहिलं काम, तिकीट टाकून देऊन नवीन काढायचं नाही. स्टेशनवरच्या माणसाला विचारा, अशा वेळी पुढची गाडी, कधीकधी दुसऱ्या कंपनीची किंवा दुसऱ्या मार्गाची गाडीही त्याच तिकिटावर चालू देतात. पहिली गाडी लेट झाल्यामुळे पुढची चुकली तरी ॲडव्हान्स तिकीट वाया जात नाही, पुढच्या गाडीत बसता येतं. ठरावीक मिनिटांपेक्षा उशीर झाला तर डिले रिपेमधून भरपाई मागता येते, कंपनीप्रमाणे १५ किंवा ३० मिनिटांची मर्यादा असते, तिकिटाचा फोटो जपून ठेवा. आणि परतीच्या विमानाच्या दिवशी लांबच्या गावाहून थेट विमानतळ गाठायचा बेत करूच नका, आदली रात्र लंडनलाच काढा.

रविवार आणि घड्याळ

रविवारी रुळांची कामं निघतात आणि गाडीऐवजी बस लावतात, तासाचे अडीच तास होतात, त्यामुळे मुक्काम रविवारी हलवू नका. मेमधले पहिला आणि शेवटचा सोमवार, ऑगस्टचा शेवटचा सोमवार या बँक हॉलिडेला सगळं इंग्लंड समुद्राकडे धावतं. २५ डिसेंबरला रेल्वे पूर्ण बंद असते, पूर्ण म्हणजे पूर्ण.

जूनमध्ये सव्वानऊपर्यंत उजेड असतो, म्हणून लोक म्हणतात संध्याकाळी सहानंतर एक राजवाडा बघू. उजेड असतो, दरवाजा बंद असतो. बरीच ठिकाणं पाचला बंद होतात आणि शेवटचा प्रवेश त्याच्याही आधी. उशिराचा उजेड किनाऱ्यावर चालायला ठेवा. डिसेंबरात उलटं, चारच्या सुमारासच सूर्य मावळतो. छोट्या गावांत आठ-साडेआठनंतर जेवण मिळेलच असं नाही, आपली नऊची सवय तेवढी बदला.

स्टोनहेंज आणि बाथबद्दलचे गैरसमज

स्टोनहेंज, म्हणजे उभ्या दगडांचं प्राचीन वर्तुळ, सॉल्सबरी स्टेशनपासून १५ किलोमीटरवर आहे, चालत नाही, स्टेशनवरून बस आहे. तिकीट वेळेचं असतं, आधी काढा. तिकीटघरापासून दगड अजून दोनेक किलोमीटर पुढे, तिथे शटल नेते. नेहमीच्या तिकिटावर दगडांच्या मधे जाता येत नाही, दोरीबाहेरून बघायचं. एवढं माहीत नसेल तर लोक हिरमुसतात, माहीत असेल तर तो माळ आणि वारा खूप आवडतो. परत येताना सॉल्सबरीच्या कॅथेड्रलमध्ये जा, १२३ मीटरचा कळस ब्रिटनमधला सर्वांत उंच, आणि आत १२१५ च्या मॅग्ना कार्टाची मूळ प्रत आहे.

बाथच्या रोमन बाथ्समध्ये अंघोळ करता येत नाही, पाणी ४६ अंशांचं असलं तरी ते फक्त बघायचं. डुंबायचं असेल तर गावात थर्मी स्पा वेगळा आहे.

इंग्लिश हेरिटेज या जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेचा परदेशी पाहुण्यांसाठी ९ किंवा १६ दिवसांचा पास मिळतो, पण तो स्टोनहेंज, डोव्हरचा किल्ला, ऑस्बर्न अशा त्यांच्याच जागांना चालतो. रोमन बाथ्स किंवा कॅथेड्रलला नाही. बेरीज करूनच घ्या.

लंडनहून भाड्याची गाडी

डावीकडून चालवायचं असल्यामुळे आपल्याला सोपं वाटतं आणि तसं ते आहेही. पण लंडनमध्ये गाडी घेऊ नका, कंजेशन चार्ज (मध्य लंडनमध्ये गाडी नेल्याचा आकार), पार्किंग, ट्रॅफिक, सगळं पहिल्याच दिवशी. ऑक्सफर्ड आणि बाथमध्येही गाडी ही अडचणच, शहराबाहेर पार्क अँड राइडला लावून बसने आत जा. गाडी लागतेच ती डेव्हन-कॉर्नवॉलला, तिथे गेल्यावर घ्या, आणि ऑटोमॅटिक घ्या. रस्ते एका गाडीपुरते, दोन्ही बाजूंना उंच झुडपांच्या भिंती, समोरून ट्रॅक्टर आला की शंभर मीटर रिव्हर्स. आणि पाट्यांवरचे आकडे मैलांचे असतात, ३० म्हणजे ताशी ४८ किलोमीटर.

आपल्या जागा शीटमध्ये नसतात

ही मला सर्वांत लागणारी चूक. ब्रायटनला लोक धक्क्यावर चिप्स खाऊन परततात. हा तोच किनारा, जिथे १९०९ साली सावरकरांना मातृभूमीची ओढ अनावर झाली. तिथे वाळू नाही, अंड्याएवढे गोल दगड आहेत, लाट मागे जाते तेव्हा खळखळ आवाज येतो. चपलेने चालताना पाय मुरगळतो, बूट घाला. गावातल्या रॉयल पॅव्हेलियनमध्ये १९१४ ते १९१६ जखमी भारतीय सैनिकांचं इस्पितळ होतं. ब्रिस्टलला आर्नोस व्हेल स्मशानभूमीत राजा राममोहन रॉय यांची समाधी आहे, १८३३ मध्ये ते ब्रिस्टललाच वारले. लंडनला प्रिमरोझ हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड हे बाबासाहेब आंबेडकरांचं घर, महाराष्ट्र सरकारने घेतलेलं.

आणि ब्रायटनच्या वर टेकड्यांवर छत्री आहे, नावच छत्री. ब्रायटनच्या इस्पितळांत वारलेल्या ५३ हिंदू-शीख सैनिकांवर तिथे अग्निसंस्कार झाले, १९२१ साली पांढऱ्या संगमरवराचं स्मारक उभं राहिलं. गाडी वरपर्यंत जात नाही. पॅचमपर्यंत बस, पुढे मेंढ्यांच्या कुरणातून चढ. अर्धा दिवस ठेवा, पाण्याची बाटली घ्या, आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर चिखल असतो.