बाईची बॅग कशी उचलावी

गेल्या महिन्यात पुण्याहून एका मुलीचा फोन आला. तिच्या नवऱ्याने नुकतंच ड्रॅग, म्हणजे बाईचा वेश घेऊन मंचावर कला सादर करणं, सुरू केलंय, पहिला शो तीन आठवड्यांवर आलाय आणि तिला काही म्हणजे काही सुचत नाहीये. "दादा, मी नेमकं करायचं काय?" तिला पाऊण तास जे सांगितलं तेच इथे लिहून काढतोय.

मी ठाण्यात एका कंपनीत हिशेब बघतो. माझा जोडीदार दिवसा एका आर्किटेक्टकडे ड्रॉइंग काढतो आणि महिन्यातल्या दोन-तीन रात्री नऊवारी नेसून लावणी करतो. सहा वर्षं झाली. त्यातली पहिली दोन मी जवळजवळ सगळंच चुकवलं.

सुरुवात पहिल्याच शोपासून. मी पुढच्या रांगेत मोबाइल धरून बसलो होतो, मध्येच कोणाचा फोन यायला नको म्हणून एअरप्लेन मोडवर टाकून. त्याच वेळी आत त्याच्या ब्लाउजचं हूक तुटलं होतं आणि तो मला फोनवर फोन लावत होता. शेवटी पाठीवरून शेला आवळून घेऊन तो तसाच नाचला. लोकांना वाटलं स्टाइल आहे. व्हिडिओ सुंदर आलाय, पण आम्ही दोघांनी तो अजून एकत्र बसून बघितलेला नाही.

तेव्हा पहिलं हे, की तुमची जागा विंगेत. शूटिंग करायला शंभर लोक असतात, सेफ्टी पिन घेऊन उभं राहायला कोणी नसतं. विंग नसलेल्या जागी, म्हणजे बहुतेक क्लबांत, रंगपट म्हणून जी काय स्टोअररूम किंवा बाथरूम मिळते तिच्या दाराशी उभं राहा.

दुसरं, काय म्हणून हाक मारायची. आमच्याकडे घरात तो 'तो' आहे, नथ लागली की 'बाई'. मग मीही "बाई, वेळ झाली" असंच म्हणतो. तुमच्याकडे वेगळं असेल. ड्रॅग ही मंचावरची कला आहे. ती करणारे काही जण ट्रान्स असतात, काही गे, काही त्या पुण्याच्या मुलीच्या नवऱ्यासारखे बायकोवर जीव असलेले. साडीवरून अंदाज बांधू नका. एकदा सरळ विचारा आणि जे उत्तर येईल ते पाळा. दर आठवड्याला विचारलंत तर ती चौकशी राहत नाही, चौकशी समिती होते.

आता तयारी. शो दहाचा असेल तर आमच्याकडे साडेपाचला आरसा मांडला जातो. नुसत्या चेहऱ्याला तीन तास लागतात. आधी भुवया दाबायच्या: शाळेत वापरतो तो पाण्यात विरघळणारा ग्लू स्टिक, केसांच्या दिशेने वर चोळायचा, छोट्या ब्रशने विंचरायचा, सुकू द्यायचा, की पुन्हा. असे तीन थर, मग पावडर. घाई केली की दुसऱ्या कडव्याला भुवया उठून बसतात. तुमचं काम इथे फक्त टेबल फॅनचं तोंड बरोबर ठेवणं. विग चिकटवायचा गोंद भुवयांना कधी लावू देऊ नका. तो काढताना केसही येतात. आणि कुठलाही नवा गोंद आदल्या दिवशी कानामागे लावून बघायचा. आम्ही एकदा नाही बघितला, आणि कपाळावरचा लाल पट्टा आठ दिवस ऑफिसात 'उन्हाने झालंय' म्हणून खपवला. चमकी घेताना चेहऱ्यासाठी असलेलीच घ्या. स्टेशनरीच्या दुकानातली राखीकामाची चमकी डोळ्यात गेली की बुबुळावर ओरखडा येऊ शकतो.

या तीन तासांत बोलायचं नाही. विशेषतः "डावी भुवई थोडी वर गेलीये का?" हे तर नाहीच. त्याला दिसतंय. दिसलंच नाही आणि तुम्हीच दाखवलंत, तर दहा मिनिटं जातील आणि उजवीही बदलावी लागेल.

सहाच्या सुमारास खायला द्या. ओठ रंगले की काही खाता येत नाही, म्हणून त्याआधी: दहीभात, केळं, उकडलेलं अंडं. तळलेलं नको, कारण नंतर पोट आवळलं जाणार आहे. पाण्यासाठी स्ट्रॉ ठेवा, आणि पाण्याबद्दल जरा भांडाच. बाथरूमला जावं लागेल म्हणून ही मंडळी दुपारपासून पाणीच पीत नाहीत. कंबर-मांड्या भरायला फोमचे थर, त्यावर तीन-तीन स्टॉकिंग, त्यावर कासोट्याची साडी, वर दिवे. चक्कर येणारच. आमचा तोडगा असा: साडेसातपर्यंत भरपूर पाणी, नेसायच्या आधी शेवटची बाथरूम फेरी, मग थोडं थोडं लिंबूसरबत.

खालचं आवरणं, म्हणजे पुढचा भाग दाबून सपाट करणं, हा विषय लाजेने सोडून देऊ नका. पँटसारखी घट्ट गॅफ मिळते, तीच बरी. चिकटपट्टी वापरायचीच असेल तर कातडीला चालणारी, आणि केस आदल्या दिवशी काढलेले. पॅकिंगची टेप म्हणजे शुद्ध वेडेपणा. काही तासांच्या वर ठेवू नये. दुखलं, बधिर झालं, सूज आली, की शो असो नसो, सोडायचं. नंतर लघवीला जळजळ राहिली तर डॉक्टरकडे जायचं आणि खरं कारण सांगायचं. डॉक्टरांनी याहून विचित्र ऐकलेलं असतं.

नऊवारी म्हणजे जवळपास सव्वाआठ मीटर कापड. एका रात्रीत दोन वेश असतील तर शिवलेली घ्या, चेन आणि हुकांची. दादरला हिंदमाताकडे कापड, भुलेश्वरला लेस आणि खडे, बाकी शिंपी चांगला शोधा. आमच्या शिंप्याने पहिल्या मापाला फक्त इतकंच विचारलं, "पॅड लावून माप देताय की न लावता?" त्या दिवसापासून आम्ही शिंपी बदललेला नाही. पॅड लावूनच माप द्या. पॅड म्हणजे गादीवाल्याकडचा फोम. तो कापायला मी शिकलोय. कडा कात्रीने तिरप्या, पातळ करत न्यायच्या, नाहीतर मांडीवर पायरी दिसते. पायातले चाळ त्याने स्वतः बांधायचे. मी एकदा भाजीच्या काट्यावर तोलले होते, दोन्ही पायांचे मिळून साडेचार किलो भरले. पण खाली जाड सुती पट्टी गुंडाळायला हात लावा. घोटा सोलला की आठवडाभर लंगडणं पाहायचं ते तुम्हालाच.

बॅगेत काय असावं ते मी फोनवर तिला लिहूनच घ्यायला लावलं. सेफ्टी पिना तीन मापांच्या, वेगवेगळ्या डब्यांत. यू पिना आणि केसांचे काळे आकडे. सुई-दोरा, आधीच ओवून ठेवलेला, कारण क्लबच्या अंधारात सुई ओवता येत नाही. खोट्या पापण्यांची जादा जोडी आणि त्यांचा गोंद. दुहेरी चिकटपट्टी. दुसरी नथ, दाबाची, कारण नाक टोचलेलं नाही आणि पहिली पडतेच. टिकल्यांचं पाकीट. खोबरेल तेल. ओले टिश्यू, कोरडे टिश्यू, जुना पंचा. ओआरएस. सपाट चपला. गाणं पेन ड्राइव्हवर आणि तुमच्या फोनवर, दोन्हीकडे. डीजेला तासभर आधी देऊन, सुरुवातीची दहा सेकंदं वाजवून घ्यायची. एकदा आमच्या ढोलकीच्या जागी कोणाच्या तरी हळदीचं गाणं लागलं. बाई त्यावरही नाचली म्हणा.

गाण्यावरून आठवलं, तालमीत तुमचा खरा उपयोग आहे. लिप-सिंक करताना, म्हणजे वाजणाऱ्या गाण्यावर नुसते ओठ हलवताना, शब्द सगळेच पाठ करतात, चुकतो तो श्वास. गायिका कुठे श्वास घेते ते कागदावर खुणा करून ठेवा आणि समोर बसून बघा. श्वास बरोबर जागी घेतला की समोरच्याला खरंच ती गातेय असं वाटतं. ओठांच्या चुका मी सांगत नाही. ते त्याला आरसा सांगतो.

पैशाचं सांगायलाच हवं, माझा धंदाच तो. पहिल्या वर्षी एका शोची बिदागी अडीच हजार होती आणि एका विगचे चार हजार. वर्षअखेर एकतीस हजारांचा तोटा. मी वही ठेवली होती आणि ती एकदा शोच्या आदल्या रात्री त्याला दाखवली. तसं करू नका. वही ठेवा, पण सहा महिन्यांतून एकदा, सुट्टीच्या दिवशी उघडा. ठरवताना अर्धी बिदागी आगाऊ आणि जाण्यायेण्याच्या गाडीचे पैसे वेगळे, हे मेसेजमध्ये लिहून घ्या. 'प्रसिद्धी मिळेल' म्हणणाऱ्याला त्या प्रसिद्धीतून गजरा आणून द्यायला सांगावं.

दौलतजादा वेगळी. नोटा उधळल्या जातात तेव्हा त्या उचलणार कोण, हे आधी ठरवा. आमच्याकडे मी, वाकून, प्लॅस्टिकची पिशवी घेऊन. सुरुवातीला कमीपणा वाटायचा, आता मोजायची सवय लागलीये. आणि हो, कोणी नोट ब्लाउजमध्ये खोचायला येतं. ते चालतं की नाही हे कलाकार ठरवणार, तुम्ही नाही. आमची खूण आहे: पदर दोनदा खांद्यावर झटकला की मी पुढे जायचं. मी एकदा खूण नसताना गेलो, एका माणसाचा हात धरला, आणि बाईने माइकवरच मला बसवलं: "अहो, गिऱ्हाईक आहे ते, तुम्ही घरचे!" सगळा हॉल हसला. बरोबर होतं तिचं.

फोटोंचंही तसंच. त्याचा चेहरा, त्याचं खरं नाव आणि त्याचं ऑफिस या तीन गोष्टी एकत्र कुठेही टाकू नका, टाकायच्या तर त्याला विचारूनच. रात्री परतताना अर्धा मेकअप उतरवून, वर हूडी, आणि गाडी आधीच बुक केलेली. सोसायटीच्या वॉचमनला आम्ही दुसऱ्याच महिन्यात सांगून टाकलं की नाटकाचं काम आहे. ते खोटं नव्हतं.

घरच्यांबद्दल माझ्याकडे तयार कृती नाही. माझ्या सांगलीच्या घरात बालगंधर्वांची तसबीर आहे. 1911 साली 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांची मुलगी गेली आणि तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले, हा किस्सा बाबांनी मला लहानपणी डोळे पुसत सांगितलाय, एकदा नाही, पन्नासदा. त्यांच्या साडीची नक्कल बायका करायच्या, हेही. म्हणून मी मोठ्या विश्वासाने त्याच तसबिरीखाली बसून आमच्याबद्दल सांगितलं. बाबा म्हणाले, "त्यांची गोष्ट वेगळी." आणि उठून गेले. तेव्हा बालगंधर्व पुरावा म्हणून काढू नका. प्रत्येक घरात त्याला हे उत्तर तयार असतं. मी नंतर विषयच काढला नाही. दीड वर्षाने आईने तिची हिरवी इरकली नऊवारी कुरिअरने पाठवली. पार्सलवरचा पत्ता बाबांच्या अक्षरात होता. त्यावर घरात कोणी बोललेलं नाही, मीही बोलणार नाही.

एक कागदी काम मात्र उरकून टाका. मागच्या वर्षी त्याचा घोटा मुरगळला. रात्री दीड वाजता दवाखान्यात, त्याच्या एका डोळ्याला पापणी, एकाला नाही, आणि खिडकीतल्या माणसाने विचारलं, "पेशंटचे कोण?" मी "भाऊ" म्हणालो. 6 सप्टेंबर 2018 ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 च्या कचाट्यातून आम्ही सुटलो खरे, पण 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लग्नाचा हक्क दिला नाही, त्यामुळे नातं दाखवायला कागद नाही. जे मिळतंय ते घ्या. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की समलिंगी जोडप्याला बँकेत संयुक्त खातं काढायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. आम्ही त्याच महिन्यात खातं काढलं. त्याच्या पाकिटात माझा नंबर आणि त्याचा रक्तगट लिहिलेली चिठ्ठीही असते.

शो संपल्यावर तो विचारेल, "कशी झाली?" उत्तर एकच: "मस्त." चूक दिसली असेल तर ती उद्या, चहानंतर, आणि तीही तो व्हिडिओ मागेल तेव्हाच. त्या रात्री तो एकदम गप्प होतो. आधी मला वाटायचं माझ्यावर रागावलाय. तसं नसतं. चार तास दोनशे डोळ्यांसमोर राहून आलेला माणूस आहे, त्याला थोडा वेळ कोणी बघायला नको असतं. गाडीत मी खिडकीबाहेर बघतो.

घरी आल्यावर क्रम असा: आधी पॅड आणि पट्ट्या, मग विग स्टँडवर, मग खोबरेल तेल चेहऱ्यावर दोन मिनिटं मुरू देऊन पंचाने पुसायचं, गोंदाच्या कडांना जरा जास्त. ओढायचं नाही. पाय कोमट मिठाच्या पाण्यात. तोवर कुकर होतो. वरणभात, तूप, लिंबू, बस. बॅग रात्रीच रिकामी करा, घामाचा फोम बंद बॅगेत राहिला तर सकाळी दार उघडवत नाही. आणि बाथरूमच्या फरशीवर काळं, केसाळ काही दिसलं तर चप्पल उगारू नका. मी उगारली होती. साडेतीनशेची जोडी होती, डावी अजून आहे.