झेडव्हीएमवरच्या लिनक्स गेस्टचं नेटवर्क गेलं तर: आधी काय हाताशी ठेवायचं

झेडव्हीएम म्हणजे मेनफ्रेमवर व्हर्च्युअल मशीन चालवणारी सिस्टीम, आणि गेस्ट म्हणजे त्यातलं एक मशीन. नेटवर्क गेलं म्हणजे एसएसएच (दुरून लॉगिन) पण गेलं, त्यामुळे जे काय करायचं ते ३२७० कन्सोलवरून (मेनफ्रेमचं टर्मिनल) आणि तिथे व्हीआय एडिटर चालत नाही, फाईल बदलायची तर सेड नाहीतर एड. म्हणून रूटचा पासवर्ड (की असून उपयोग नाही, पासवर्डच लागतो), गेस्टचा झेडव्हीएमचा पासवर्ड आणि क्लास बी (नेटवर्कच्या कमांड द्यायचे अधिकार) असलेलं वेगळं लॉगऑन, बहुतेक ठिकाणी मेंट नावाचा युजर, हे सगळं दिवसाढवळ्या मागून घ्या. आयपी, गेटवे, व्हीलॅन, व्हीस्विचचं (झेडव्हीएममधला व्हर्च्युअल स्विच) नाव लिहिलेलं असू दे.

आता ग्रांट, म्हणजे गेस्टला व्हीस्विच वापरायची परवानगी. शेवटी ठेवलं की राहतंच, म्हणून इथेच सांगतो. सेट व्हीस्विच ग्रांट दिलं, कपल केलं (कार्ड व्हीस्विचला जोडलं), की गेस्ट लगेच चालू होतो आणि सगळेजण विषय सोडून देतात. पण ती परवानगी फक्त चालू सीपीच्या (झेडव्हीएमचा गाभा) मेमरीत असते, पुढच्या आयपीएलला (झेडव्हीएम नव्याने बूट होताना) गेली. मागच्या मेंटेनन्सला आमच्याकडे नेमकं हेच राहिलं होतं, मधल्या काळात जोडलेले गेस्ट वर आले पण एकालाही नेटवर्क नाही, आणि आम्ही आधी केबल बघत बसलो. तर सिस्टीम कॉन्फिगमध्ये मॉडिफाय व्हीस्विच ग्रांटची ओळ घाला, म्हणजे घालाच. ही फाईल पीमेंट या युजरच्या सीएफ० डिस्कवर असते, सेव्ह केल्यावर सीपीसिंटॅक्स ही तपासणीची कमांड चालवा, कारण त्या फाईलमधली चूक आयपीएलच्या वेळीच कळते आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. आणि व्हीस्विचवर रॅकएफ या सुरक्षा सॉफ्टवेअरचा ताबा असेल तर सीपीचं ग्रांट कामाचं नाही, तिथे व्हीएमलॅन क्लासमध्ये परमिट लागतं, अपडेट ॲक्सेसचं.

कन्सोलवर जाताना दोन धोके आहेत. एक, रन ही सेटिंग ऑफ असेल तर लॉगऑन केल्या केल्या गेस्ट सीपी रीडमध्ये (सीपी कमांडची वाट बघत) थांबतो, म्हणजे नुसतं बघायला गेलात आणि मशीन थांबलं, बिगिन द्यावं लागतं, त्यापेक्षा सेट रन ऑन आधीच करून ठेवा. दुसरा, बाहेर पडताना डिस्कनेक्ट करायचं, लॉगऑफ नाही. लॉगऑफ केलं की अख्खं व्हर्च्युअल मशीनच जातं, आत डेटाबेस चालू असेल तर तोही. खाली उजव्या कोपऱ्यात होल्डिंग दिसलं तर क्लिअर दाबा, नाहीतर पुढचं आउटपुट येतच नाही आणि माणूस उगाच लिनक्स हँग झाला समजतो.

मग तपासणी, आणि ती वरून खाली. गेस्टवरून क्वेरी निक डिटेल्स, व्हर्च्युअल नेटवर्क कार्ड कपल झालंय का ते बघा. मेंटवरून क्वेरी व्हीस्विच डिटेल्स, स्टेट रेडी हवी. नसेल तर डीटीसीव्हीएसडब्ल्यू१ आणि २ हे व्हीस्विच चालवणारे कंट्रोलर वर आहेत का ते बघा, ऑटोलॉगमधून (आपोआप सुरू होण्याच्या यादीतून) सुटले की व्हीस्विच नुसता डिफाइंड राहतो. तिथेच ॲक्सेसलिस्ट पण बघा, गेस्टचं नाव आहे का. नाव आहे? मग सिस्टीम कॉन्फिगमध्ये आहे का? दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही बघा.

एक टेस्ट वेळ वाचवते: त्याच व्हीस्विचवरच्या, त्याच व्हीलॅनमधल्या शेजारच्या गेस्टला पिंग करा. ते पॅकेट मशीनच्या आतच फिरतं, ओसा कार्डापर्यंत (मेनफ्रेमचं खरं नेटवर्क कार्ड) जातच नाही. शेजारी लागतोय आणि गेटवे लागत नाही म्हणजे ओसा, केबल, बाहेरच्या स्विचचा पोर्ट किंवा व्हीलॅन ट्रंक, नेटवर्कवाल्यांना तेव्हाच फोन करा, आधी नको. शेजारीही लागत नसेल तर घोळ आपल्याच घरात.

लिनक्समध्ये एलएसक्यूईथ आणि एलएसझेडडेव्ह या कमांड चालवून डिव्हाइस बघा. डिव्हाइस तीन लागतात, समजा ६००, ६०१, ६०२, रीड, राइट आणि डेटा, एखादं सीआयओ इग्नोअरमध्ये (लिनक्स दुर्लक्ष करतं त्या डिव्हाइसच्या यादीत) अडकलं तर इंटरफेस उठत नाही. लेअर (नेटवर्कचा स्तर, २ किंवा ३) दोन्हीकडे एकच हवा, व्हीस्विच इथरनेटचा असेल तर जुन्या कर्नलवर लेअर२ ची किंमत १ आहे का ते बघा. पिंग जातो पण मोठी फाईल अडकते तेव्हा एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) बघा, इकडे ८९९२ आणि वाटेत कुठेतरी १५००. एकाच लॅनवर दोन झेडव्हीएम असतील तर मॅकप्रिफिक्स (मॅक पत्त्यांची सुरुवात) वेगळे हवेत. राउट, फायरवॉल, डीएनएस नेहमीसारखं.

दुरुस्त झाल्यावर निकडेफ (कार्डाची नोंद) डिरेक्टरीत, म्हणजे झेडव्हीएमच्या युजरांच्या नोंदींत, गेलं का बघा (डिरेक्टरी सांभाळणारं डिरमेंट असेल तर फाईल हाताने बदलू नका), आणि नुसता रीबूट करून खात्री मानू नका, डिरेक्टरी लॉगऑनच्या वेळी वाचली जाते, म्हणून लिनक्स नीट शटडाउन करून गेस्ट लॉगऑफ आणि मग एक्सऑटोलॉगने पुन्हा सुरू. आणि ग्रांटची ओळ सिस्टीम कॉन्फिगमध्ये पडली का ते तिकीट बंद करायच्या आधी स्वतः उघडून बघा, दुसऱ्याच्या "हो टाकली" वर सोडू नका.